ओहोटी एक ते पाच

समुद्रकिनारी घर घेणाऱ्या माणसाने आधी एकदा समुद्र नीट बघून यावा, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. बाकी सगळं सांगितलं. खारं वारं, गंज, डोक्यात पडणारे नारळ, माकडं, नेटवर्क, मेंटेनन्स, सगळं. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत नळाला पाणी कमी दाबाने येतं, पण सल्ला चोवीस तास पूर्ण दाबाने येतो.

विषय माझ्या आईने काढला. तिला घर नको होतं, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नंतर घरातल्या सगळ्यांनी मला हेच ऐकवलं. माझी आई कस्तुरा. तळवड्याच्या एका युनिटमध्ये रबरी वॉशर निवडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि ते खाली बसून गेल्यामुळे गुडघेही त्यातच गेले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं आणि बजावलं की, आजी, नंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. आईने मान डोलावली. रविवारी पोहे खाता खाता मला म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला एकदा वाळूत मांडी घालून बसायचंय. समुद्राकडं तोंड करून. पोटभर."

मी म्हटलं, आई, दर सहा डिसेंबरला तू दादरला जातेस. चैत्यभूमीला लागून समुद्र आहे. इतक्या वर्षांत बघितला नाहीस?

"समुद्र होता की मागं," आई म्हणाली. "पण आपण काय त्याला बघायला गेलो होतो? रांगेत तोंड चैत्यभूमीकडं. कडेवर तू, हातात पिशवी. बाबासाहेबांचं दर्शन झालं की रडू यायचं. मग पुस्तकं घ्यायची, गाडी गाठायची. वारा सुटला की मागनं पदर उडायचा, तेवढीच त्याची-माझी ओळख."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. इतकी वर्षं ही बाई समुद्राकडे पाठ करून उभी होती आणि माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आता एवढं ऐकल्यावर शहाण्या मुलाने काय करावं? गाडी काढावी, आईला बसवावं आणि घाट उतरावा. पण मी चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंगचा माणूस साधी गोष्ट साधी राहू देत नाही, नाहीतर त्याला ठेवलाय कशाला? मी छाती पुढे काढून जाहीर केलं की, नुसतं एकदा काय बसायचं, समुद्रासमोर आपण घरच घेऊ. मग बस रोज.

आम्रपाली, म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलेल्या पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही ऐकूच गेलं नाही. साहेबराव म्हटलं की पिंपरीतले जुने कामगार अजून ओळखतात. सगळी नोकरी पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये झाली आणि कान तिथेच जमा करून ते रिटायर झाले. तिसऱ्यांदा ओरडून सांगितल्यावर म्हणाले, "घर? हे काय आहे मग?"

मोठ्या कामाला सुरुवातीला पाठिंबा कमीच मिळतो, असं मी मनाला समजावलं.

मोबाईलसमोर एकदा 'समुद्र' म्हटलं की मोबाईल तुमचा नाद सोडत नाही. दुसऱ्याच दिवशी जाहिरात आली: 'बेटावर स्वतःचं घर. फक्त तुम्ही आणि क्षितिज.' खाली फोटो. पांढरी वाळू, निळं पाणी, एक वाकलेला नारळ आणि त्याला बांधलेला झोपाळा. खरं सांगतो, मी त्या फोटोत राहायलाच गेलो. तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकलो की पुढच्या कंटेनरचा पत्रा विरघळायचा आणि मला क्षितिज दिसायला लागायचं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मला वाटायचं, बोट आली.

जाहिरातीतल्या माणसाचं नाव दिग्विजय. डोळ्यांवर गॉगल, पायात पांढरे बूट. कोकणात कासवली नावाचं गाव, गावासमोर छोटं बेट, बेटावर प्लॉट. ओहोटीला वाळूतून चालत जायचं, भरतीला बेट सगळ्या जगापासून वेगळं. "सर, एकदम प्रायव्हेट," तो म्हणाला. "तिथे तुम्हाला कुणी डिस्टर्ब करू शकत नाही." हे वाक्य पुढे अक्षरशः खरं ठरलं, म्हणून त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

बातमी सोसायटीत पसरली, ती मीच पसरवली. आमच्याकडे राहणारे सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत, त्यामुळे जो तो आपापल्या डिपार्टमेंटप्रमाणे बोलतो. पेंट शॉपवाल्याने खिडकीच्या गजांना किती कोट मारायचे ते लिफ्टमध्ये अडवून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरची नेहा लॉजिस्टिक्सला आहे. तिने गॅस सिलिंडर बेटावर नेणार कोण, एवढंच विचारलं आणि माझी एक झोप घालवली. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, एमर्जन्सी एक्झिट दोन पाहिजेत. मी म्हटलं, बेटाला चारी बाजूंनी एक्झिट आहे. तो म्हणाला, पोहता येतं का? मी विषय बदलला.

आणि मग कायदा आडवा आला. ती जमीन शेतीची, आणि आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर माणूस मुळात शेतकरी असावा लागतो. आमच्या खानदानात दोन पिढ्या कामगार. आम्ही लोखंड वाकवलंय, रबर निवडलंय, पोरांना गणित शिकवलंय, पण सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. बायकोसमोर दिग्विजय मला म्हणाला, "सर, तुम्ही शेतकरी नाही, हा प्रॉब्लेम आहे." एखाद्याला 'तुम्हाला वजन नाही' म्हणावं तशा सुरात. एखादा शेतकरी पार्टनर बघा, म्हणाला.

शेतकरी आमच्या वरच्याच मजल्यावर राहत होता. बबनराव. चाकणजवळच्या गावचे, वडिलोपार्जित रानातला मोठा तुकडा एमआयडीसीत गेला, थोडा अजून शिल्लक आहे. पोरांच्या हट्टापायी फ्लॅटमध्ये आले, पण जीव मातीत. बाल्कनीत कुंडीतली मिरचीसुद्धा ते बांध घालून लावतात. त्यांना पार्टनर व्हा म्हटलं तर लगेच तयार झाले. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता आणि बघायची फारशी इच्छाही नव्हती. "पाण्याला काय बघायचं? इंद्रायणी हाय की," म्हणाले. पण जमीन म्हटल्यावर डोळे लकाकले. "जिमीन कुटं का आसंना, जिमीन ती जिमीन. जाग्याव ऱ्हाती. माणसं हालत्यात." हे वाक्यही लक्षात ठेवा.

यानंतर मी ऑफिसं पाहिली. किनाऱ्यावर बांधकाम करायचं तर ते भरतीच्या रेषेपासून ठरावीक लांब पाहिजे. मी विचारलं, भरतीची रेषा कुठे आहे? पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, नकाशा जुना आहे, नवा येतोय. तिसरीकडे एक बाई मन लावून मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "रेषा आहे, पण ती हलते." मी हसलो. मला वाटलं, बाई गंमत करताहेत. आज त्या भेटल्या तर मी त्यांचे मटार सोलून देईन.

या धावपळीत दर रविवारी आई एकच विचारायची: मग समुद्र कधी? आणि मी दर वेळी सांगायचो, आई, आधी घर होऊ दे. आधी बबनरावांचा शेतकऱ्याचा दाखला येऊ दे. आधी नकाशा येऊ दे. बिचारी पोह्यांच्या बशा उचलून आत जायची. एके दिवशी हॉस्पिटलमधून ऑपरेशनची तारीख आली. आईने ती कॅलेंडरवर बघितली. उठताना नेहमीप्रमाणे गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्या रात्री आम्रपाली मला म्हणाली, "अहो, घर जाऊ दे खड्ड्यात. मांडी घालता येतेय तोवर त्यांना नुसतं नेऊन बसवा." एवढं सरळ वाक्य आमच्या घरात फार दिवसांनी कुणी बोललं होतं.

मी ठरवलं, प्लॉट बघणं आणि आईचं बसणं एकाच फेरीत उरकायचं. दिग्विजयकडून कासवलीतल्या चहाच्या टपरीचा नंबर घेतला आणि फोन करून टपरीवाल्या विजयश्रीबाईंना विचारलं, येत्या रविवारी बेटावर चालत कधी जाता येतं? पलीकडे तळणीचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, एक वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत पाणी उतरलेलं असतं, तेवढ्यात जाऊन या. मी चोख चार्ट केला. निघणे, घाट, नाष्टा, आणि मधोमध ठळक अक्षरात: 'ओहोटी एक ते पाच.' फ्रिजवर लावला.

पुढे बबनरावांच्या गावची जत्रा आली आणि जाणं त्याच्या पुढच्या रविवारवर गेलं. ऑपरेशनच्या आधीचा तो शेवटचा रविवार. तारीख मी चार्टवर खोडून नवी लिहिली. वेळ तीच ठेवली. आता हसा. पण तुम्ही चाकणला नोकरी करत असाल तर हसणार नाही. आमच्याकडे फर्स्ट शिफ्ट सातला म्हणजे सातला. सोमवारीही सात, जत्रेलाही सात, जगबुडीला गेटपास लागेल पण वेळ सातच. समुद्राची शिफ्ट रोज पुढे सरकते आणि त्याचा सुपरवायझर आकाशात बसलेला असतो, हे आमच्या हद्दीत कुणाला ठाऊक?

आम्ही अकराच्या सुमारास कासवलीला पोचलो. आई, दादा, आम्रपाली, बबनराव, दिग्विजय आणि मी. गाव रिकामं. टपरीला कुलूप. दारात एक कुत्रं झोपलेलं, त्याने एक डोळा उघडून आम्हाला बघितलं आणि पुन्हा मिटला. रस्ता सुरूच्या झाडांत शिरला, झाडं संपली, आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

मी समुद्र याआधी पाहिला होता, कंपनीच्या सहलीत, हॉटेलच्या हॉलमध्ये सत्र चालू असताना पडद्याच्या फटीतून. हा तो नव्हता. हा एवढा होता की बघायला कुठून सुरुवात करावी ते कळेना. डावीकडे बघितलं तर संपेना, उजवीकडे बघितलं तर संपेना, आणि समोर तर आभाळ आणि तो यांच्यात कुणी काही ठरवलेलंच नव्हतं. बबनरावांनी "आयला" म्हटलं आणि पुढचं विसरले. माझ्या फोटोतला तो निळा तुकडा मला एकदम पासपोर्टच्या फोटोएवढा वाटायला लागला. लाज वाटली, खरंच.

आणि वाळूची वाट उघडी होती. ओली, टणक, थेट बेटापर्यंत. मी घड्याळ पाहिलं. एक वाजायला अजून पुष्कळ वेळ. समुद्र वेळेआधी हजर. असा कामगार मिळाला तर कंपनीचं सोनं होईल, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, आणि आईला एका बाजूने मी, एका बाजूने आम्रपालीने धरून पलीकडे नेलं.

बेटाचं काय सांगू? माणूस नाही, दुकान नाही, बोर्ड नाही. पाठीमागे टेकाड, त्यावर झुडपं, पुढे अर्धचंद्रासारखी वाळू, आणि त्या वाळूवर आपल्याआधी फक्त खेकड्यांची पावलं. आपण पाऊल ठेवलं की उगाच घाण केल्यासारखं वाटायचं. दिग्विजयने बूट काढून हातात घेतले. झोपाळा बांधायला नारळ कुठे आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सर, तो नारळ फोटोतला." माझं भांडायचं मनातच राहिलं. अशा ठिकाणी आवाज चढवणं बरं दिसेना.

वाळू जिथे कोरडी होत होती तिथे आई थांबली. तिथे वाळलेल्या शेवाळाचा, करवंट्यांचा आणि काटक्यांचा एक लांबलचक पट्टा पडलेला होता. त्याच्या कडेला आम्ही तिला धरून हळूहळू खाली बसवलं. तिने एक पाय हाताने उचलून दुसऱ्याखाली घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, मांडी घातली, पदर सारखा केला. समोर बघितलं. मग, वर्षानुवर्षं एकाच रस्त्यावर दिसणाऱ्या पण कधी न बोललेल्या माणसाला म्हणावं, तसं हळूच समुद्राला म्हणाली, "जय भीम."

समुद्राने काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, पण आईला मिळालं असावं. कारण तिने मान डोलावली.

इकडे बबनराव भानावर आले होते. घरून आणलेल्या खुंट्या आणि सुतळी काढून त्यांनी प्लॉट पावलांनी मोजायला घेतला. थोड्या वेळाने धावत आले, मला बाजूला घेतलं, कानात म्हणाले की जमीन कागदापेक्षा जास्त भरतेय, पार पाण्यापर्यंत. बोलू नका, गुमान सही करा. उभ्या आयुष्यात त्यांना जमीन कधी जास्त भरलेली नव्हती. दर मोजणीला थोडी कमीच. आनंदाने त्यांनी पाण्याच्या कडेला शेवटची खुंटी ठोकली. दादा प्लॉटच्या मधोमध टॉवेल अंथरून पुऱ्या खायला बसले. आम्ही सगळे बसलो. त्या वेळी आम्ही, माझ्या अंदाजाने, आमच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात होतो.

एकच्या सुमारास आम्रपाली म्हणाली की पाणी जवळ आलंय. मी घड्याळ दाखवलं. चार्टप्रमाणे पाणी आता उतरायला लागायला हवं. ती म्हणाली, ते चढतंय. मी म्हटलं, उतरण्याआधी थोडं चढत असेल. हे मी गणिताच्या शिक्षिकेला सांगितलं, हे तिने अजून विसरलेलं नाही. मग पहिली खुंटी आडवी झाली, तरंगली आणि आमच्याकडे यायला लागली.

बबनराव उठले. धोतराचा सोगा खोचला आणि पाण्यासमोर जाऊन उभे राहिले. दुसरी खुंटी गेली. सुतळी गेली. त्यांचा चेहरा रागाने लाल.

"बांध कोरतोय ह्यो," ते म्हणाले. "भाऊबंदकी म्या लय बघितली. पर ती रातीची कोरत्यात, चोरून. आसा दिसाढवळ्या, मालकादेखत बांध कोरणारा ह्यो पयलाच."

पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं. ते हटले नाहीत. पोटऱ्यांपर्यंत आलं. मी हाका मारत होतो. एक मोठी लाट आली, त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली, आमच्या पुऱ्यांचा डबा उचलून परत गेली, आणि जाताना त्यांच्या पायाखालची वाळू अलगद काढून घेऊन गेली. जमीन पायाखालून जाणं म्हणजे काय, हे त्यांना एकदा कंपनी आली तेव्हा कळलं होतं आणि आज दुसऱ्यांदा. पण या वेळी त्यांच्या तोंडावर राग राहिला नाही. बराच वेळ ते त्या एवढ्या मोठ्या पाण्याकडे बघत राहिले. मग टोपी काढली. "तुजं हाय बाबा. तू घे," म्हणाले आणि मागे येऊन बसले.

वाळूची वाट नाहीशी झाली होती. कासवली पलीकडे दिसत होतं आणि मध्ये समुद्र होता. दिग्विजयच्या फोनला नेटवर्क नव्हतं. तो बूट छातीशी धरून टेकाडावर चढला, उतरला, पुन्हा चढला. त्याला पोहता येत नव्हतं. मला येत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. मी चार्ट खिशातून काढला, पुन्हा वाचला, आणि तो ओला झालेला कागद हातात घेऊन आईकडे धावलो. पाणी तिच्या पावलांपर्यंत आलं होतं.

आई, ऊठ, मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "येऊ दे की," म्हणाली. लाट आली. तिच्या मांडीवर आली, पदर भिजवला, कंबरेपाशी फेस ठेवला आणि मागे सरली. दुसरी आली. तिसरी त्या वाळलेल्या शेवाळाच्या पट्ट्यापर्यंत आली, करवंट्यांना हलकासा धक्का दिला आणि थांबली. त्यानंतर एकही लाट त्या पट्ट्याच्या पुढे आली नाही. जी रेषा मला तीन ऑफिसांत कुणी दाखवली नव्हती, ती समुद्राने स्वतः येऊन आखून दाखवली. आमचं सगळं घर, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपाळा, तिच्या आत, पाण्याच्या बाजूला होतं. आई बरोबर रेषेवर बसलेली होती.

मग घाबरून घाबरून मीही दमलो. आईच्या शेजारी बसलो. दादा माझ्या पलीकडे येऊन बसले. लाटा आपटत होत्या, एकीमागून एक. दादांनी मान तिरकी केली आणि विचारलं, "हा आवाज त्याचा आहे?" मी मान हलवली. आमच्या घरात टीव्हीचा आवाज त्यांना पोचत नाही, दारावरच्या बेलचा पोचत नाही, माझा तर नाहीच. हा पोचला होता.

"प्रेस शॉपसारखाच आहे," ते म्हणाले. "पण यात डोकं दुखत नाही." आणि वाळूत आडवे होऊन, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, दुपारचे गाढ झोपले.

मला रडू आलं. का ते विचारू नका. समोर एवढं मोठं काहीतरी चाललेलं होतं आणि त्याला माझी अजिबात गरज नव्हती. ना प्लॅनिंगची, ना दाखल्याची, ना मी शेतकरी असण्या-नसण्याची. पाणी पूर्ण चढलं, तेव्हा त्याचा रंग बदलला. मग सूर्य कलला, तेव्हा पुन्हा बदलला. बबनराव टोपी मांडीवर ठेवून बसलेले. आम्रपालीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, ते तिने लग्नानंतर एवढ्या माणसांत कधी केलं नव्हतं. दिग्विजयसुद्धा टेकाडावरून उतरला, बूट बाजूला ठेवले, गॉगल काढला आणि बघत बसला. नंतर त्याने कबूल केलं की इतके प्लॉट दाखवले पण समुद्राकडे तोंड करून तो कधी उभा राहिला नव्हता, तोंड नेहमी गिऱ्हाइकाकडेच असायचं.

ऊन मावळतीला आलं, तेव्हा पाण्यावरून ढोल-ताशाचा आवाज आला. आम्हाला वाटलं, भास. पण खाडीच्या वळणावरून खरंच एक मोठी होडी आली, भरजरी साड्या आणि फेट्यांनी भरलेली, फुगे लावलेली. सगळं कासवली खाडीपलीकडच्या गावी लग्नाला गेलं होतं आणि आता नवरी घेऊन परत येत होतं. आम्ही हात हलवले. त्यांनी आम्हाला वऱ्हाडी समजून हात हलवले आणि पुढे निघाले. मग दिग्विजयने आपले पांढरे बूट दोन्ही हातांनी ओवाळले आणि होडी वळली.

होडीत विजयश्रीबाई होत्या, नाकात नथ. मी त्यांना फोनची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, मी त्या रविवारचं सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, पण वेळ... त्यांनी माझ्या हातातल्या चार्टाकडे बघितलं आणि मला एक बुंदीचा लाडू दिला. आजवर माझा इतक्या प्रेमाने कुणी अपमान केला नाही.

आईला उठवायला चार माणसं लागली. पाय आखडले होते, लुगडं भिजलेलं, केसांत वाळू, आणि चेहरा असा की नवरीपेक्षा तीच नुकती लग्न होऊन आलेली वाटावी. होडीत सगळे गावाच्या दिव्यांकडे तोंड करून बसले. आई उलटी बसली, बेटाकडे तोंड करून. मी म्हटलं, आई, इकडे वळ, पडशील. तिने नकार दिला. मग मला राहवलं नाही. इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं, "आई, मग इथे घर घ्यायचं का?"

"घर त्याचंच आहे की रे," आई म्हणाली. "आपण पाहुणे म्हणून येत जाऊ." मग पदर पिळला. "आणि पाहुण्यानं निघायच्या आधी फोन करावा. दर वेळी."

होडीतले सगळे हसले. झोपेतून उठलेल्या दादांनी काय झालं म्हणून विचारलं आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर तेही हसले.

ऑपरेशन नीट झालं. प्लॉट अर्थातच घेतला नाही. बबनराव म्हणतात, ज्या जमिनीचा शेजारी एवढा मोठा आहे, तिथे कोर्टकचेरी परवडत नाही. सोसायटीने मला महिनाभर पुरेल इतकं चिडवलं. फ्रिजवर चार्टाच्या जागी आता कासवलीच्या टपरीचा नंबर आहे.

या सहा डिसेंबरला आई काठी टेकत रांगेत उभी राहिली, नेहमीसारखी, तोंड चैत्यभूमीकडे. दर्शन झालं. नेहमीसारखी रडली. मी पिशवी घेऊन पुस्तकांच्या स्टॉलकडे निघालो तर आई मागेच. बघतो तर ती किनाऱ्याच्या कठड्याशी गेली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिकडे वळली होती. हात जोडून त्याला जय भीम केला आणि मला विचारलं, "आत्ता भरती आहे का ओहोटी?"

मी प्लॅनिंगचा माणूस. म्हणालो, "मला माहीत नाही, आई. थांब जरा, बघू."

मग आम्ही दोघे कठड्याला टेकून बघत उभे राहिलो. गाडी चुकली.